पसंतीक्रम

जुलै. देवगड बंदरात ट्रॉलर वर ओढून ठेवलेत,
झापांखाली, एकमेकांना टेकून.
एकसष्ट दिवस समुद्राला हात लावायचा नाही,
मासळीने पोटातलं सोडावं म्हणून.
गाभोळी धरलेल्या सुरमईला
सरकार रजा देतं.

मला आज रात्री बारापर्यंत वेळ आहे.
लेबर रूमबाहेरच्या बाकावर,
रेंज इथेच येते, तीही डाव्या टोकाला,
मोबाईल गुडघ्यावर ठेवून
मी शाखा वर-खाली सरकवतेय.

स्किन घे, सगळेच म्हणतात.
मुरुमाला रात्री दोन वाजता कळा येत नाहीत.
रेडिओलॉजी घे, म्हणतात, पाचला घरी.
म्हणजे फोटो काढायचे ना, सासूबाईंनी विचारलं,
आणि त्यांचा चेहरा उजळला.
रत्नागिरीच्या खोत मॅडम
स्वतःच्या सिझरच्या एकविसाव्या दिवशी
दुसरीचं सिझर करायला उभ्या होत्या.
म्हणाल्या, गायनॅक घेऊ नकोस.
मग बऱ्याच वेळाने, फोन ठेवता ठेवता,
घेतलीस तर मला कळव.

एकोणतीस पूर्ण. तीन वर्षं रेसिडेन्सी, एक बाँडचं.
रोज मी दुसऱ्यांच्या तारखा काढते:
शेवटच्या पाळीत नऊ महिने सात दिवस मिळवायचे.
स्वतःची काढायला बसले
की बेरीज कुठल्याच महिन्यावर उतरत नाही.
पहिल्या वर्षी झोप नाही, दुसऱ्या वर्षी थीसिस,
तिसऱ्या वर्षी परीक्षा.
एएमएचचा रिपोर्ट पर्समध्ये आहे,
घडी घालून, पार्किंगच्या पावतीसारखा.

श्रीरंग कणकवलीला आयटीआयत वेल्डिंग शिकवतो.
म्हणाला, तुला हवी ती घे, मूल मी बघेन.
एसटी सुटल्यावर सामानाला हात लावतात तसं नाही,
खरंच म्हणाला.
बहिणीच्या मुलाला अंघोळ घालतो तो,
कानात थेंब जाऊ न देता.
पण मलाही बघायचंय,
हे मी त्याला अजून नीट सांगितलेलं नाही.

साडेदहाला शेवंती कोयंडे आली. तिसरी खेप.
कळ ओसरली तरी बाळाचे ठोके वर येईनात.
इथे ओटी आहे, टेबल आहे, वर मोठा दिवा आहे,
सर्जन मागच्या क्वार्टरमध्ये जेवत होते, ताट सोडून आले.
भूल देणारे डॉक्टर मंगळवारी येतात.
आज गुरुवार.

शेवंतीचा नवरा, बंदी म्हणून घरी असलेला,
ओल्या टोपीचं पाणी पिळत म्हणाला,
मॅडम, तुमका येना नाय?
मी म्हटलं, कापणारे आहेत.
झोपवणारं कुणी नाही.
हे त्याला सांगताना मला कसंतरीच झालं,
घरात तांदूळ आहे पण चूल नाही, असं सांगितल्यासारखं.

एकशे आठ आली. डावी कूस, ऑक्सिजन, ओरोस.
जुवाटकर सिस्टर सोबत चढल्या,
ओटीतली चप्पल तशीच पायात.

आता अकरा चाळीस.
भूलशास्त्र माझ्या यादीत एकविसावं होतं.
त्याला कुणी वर ने म्हणालं नव्हतं,
नको असंही कुणी म्हणालं नव्हतं.
त्यातही रात्री आहेतच, मी मोजल्यात.
बोटाने ओढून वर आणलं,
गायनॅकच्या वर. मग खाली.
मग पुन्हा वर, आणि बोट तिथेच ठेवलं,
उचललं तर घसरेल म्हणून.

तेवढ्यात सिस्टरचा फोन. यादी पडद्यामागे गेली.
शिरगाव सोडलं, ठोके एकशे दहा, त्या म्हणाल्या,
आणि ऐका, शेवंती सांगतेय,
थोरल्याक काळोखात झोप येना नाय,
दिवो जळतो ठेवा म्हणून कुणाकतरी कळवा.

कळवलं. शेजारणीचा नंबर केसपेपरवर होता.
मग सेव्ह दाबलं.
पांढरं चाक फिरू लागलं, फिरत राहिलं.
मी बाकावर आणखी डावीकडे सरकले.